पंजाचा ठसा

उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचं खूळ माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. घरात माणसं दोन, कोपऱ्यावरच्या दुकानात हवे तेव्हा पाच किलो मिळतात. तरी परवा भर दुपारी गव्हाला एरंडेल चोळत बसले होते.

आजी कणगी भरून झाली की वरचे दाणे सारखे करायची आणि मधोमध पंजा दाबायची. पाची बोटं स्वच्छ उमटायची. देवाधर्माचं काहीतरी असेल, असं आम्हा पोरांना वाटे. काकू मात्र तो ठसा बघून तोंड वाकडं करायची. ओंजळभर दाण्यांवर कोणी दारावरची जांभळं घेतली, तरी ठसा मोडायचा ना!

शिकार करून खाणाऱ्यांना ही कटकट नव्हती. आज मारलं, आज वाटलं. कुलूप घालणार कशाला?

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची टेकडी, खणली. इ.स.पू. १६००च्या सुमाराची वस्ती. जव पिकवणारी माणसं. घरात धान्याची पेवं, कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटे. एक घर मात्र पाच खोल्यांचं, आणि कोठार नेमकं त्याच्या शेजारी! उत्खनन करणाऱ्यांनी ते गावप्रमुखाचं मानलं. मी त्याला मनातल्या मनात पाटील म्हणते.

गुजरातेत हडप्पाकालीन लोथलला तर आजीचीच रीत. वखार जळाली, तिच्या राखेत मुद्रा उमटवलेले मातीचे गोळे भाजून टिकले. त्यांच्या पाठीवर गाठोड्यांच्या कापडाची वीण अजून दिसते. गाठोडं सोडलं की गोळा फुटणार. तिकडे इराकात, उरुक या प्राचीन शहरात पाच हजार वर्षांपूर्वी माणूस लिहायला लागला तोही बहुतेक हिशेबच: जव किती आला, कोणाला किती दिला. कविता सवडीने सुचली असावी.

इनामगावात पुढे पाऊस हटला असं अभ्यासक म्हणतात. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, आणि इ.स.पू. ७००च्या सुमारास गाव उठलं. लिहिणारं तिथे कोणी नव्हतं. पाटलाचं कोठार त्या दिवसांत कोणासाठी उघडलं आणि कोणाला दारातून परत पाठवलं, याची नोंद कुठेच नाही.