दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप आणि कायदेशीर बचाव

दारू पिऊन वाहन चालवल्याच्या खटल्यात आरोपीची बाजू मांडणे म्हणजे गुन्ह्याला पाठीशी घालणे, असे आमच्या बेळगाव-खानापूर भागात अनेकांना वाटते. मी वकिली करतो आणि हे मत मला मान्य नाही. चोर्ला घाटातून रात्री गाडी आणणारा चालक प्यायलेला असेल तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण तो प्यायला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे आणि ते कसे सिद्ध करायचे हे कायद्याने ठरवून दिलेले आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क चाचणीत आढळला पाहिजे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. नुसता तोंडाला वास येणे, झोक जाणे किंवा जीभ अडखळणे एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली बच्चूभाई करियाणी यांच्या खटल्यात म्हटले होते, आणि चाचणीच झालेली नसेल तेव्हा हा निकाल आजही उपयोगी पडतो.

चाचणी झाली असेल तर लक्ष यंत्राकडे वळते. ब्रेथ ॲनालायझरची तपासणी शेवटची केव्हा झाली, प्रिंटआउटवरची वेळ अटकेच्या वेळेशी जुळते का, नुकताच घेतलेला घोट किंवा मद्यार्कयुक्त माउथवॉश तोंडात शिल्लक असताना फुंकायला लावले का, हे प्रश्न उलटतपासणीत विचारावेच लागतात. रक्ताच्या नमुन्यात तर चुकीला अधिक जागा असते. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसली असेल, बाटलीत सोडियम फ्लोराइड नसल्याने नमुना आंबला असेल किंवा सील कोणाच्या ताब्यात केव्हा होते याची नोंद तुटली असेल, तर प्रयोगशाळेचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर विसंबता येत नाही. कलम 202 प्रमाणे अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. मात्र त्यामुळे खटला आपोआप संपत नाही, हेही पक्षकाराला स्पष्ट सांगावे लागते.

चाचणीला नकार देण्याचा सल्ला गावात सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कलम 205 खाली आरोपीच्याच विरुद्ध धरता येतो. शिवाय रक्ताचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या 1961 च्या निर्णयापासून मिटलेला आहे.

आपल्या सीमाभागात याहून मोठी अडचण भाषेची आहे. महजर, म्हणजे पंचनामा, कन्नडमध्ये लिहिलेला असतो, आणि मराठी शाळेत शिकलेला ड्रायव्हर घाबरून, सकाळी गाडी सुटावी एवढ्याच आशेने त्यावर सही करतो. मजकूर वाचून आणि समजावून दाखवल्याशिवाय सही करू नये. करावीच लागली तर मजकूर समजला नसल्याचे सहीखाली मराठीत लिहावे. अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली स्पष्ट केले आहे, आणि साक्ष न समजणाऱ्या भाषेत चालली तर ती उघड न्यायालयात समजावून घेण्याचा हक्क आरोपीला आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा. कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, ही मदत मोफत मिळते.

दंड भरून मोकळे व्हावे म्हणून पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करणारे पुष्कळ आहेत. ज्याचे पोट ड्रायव्हिंगवर आहे त्याने तसे करण्याआधी थांबावे, कारण दोष सिद्ध झाला की परवान्यावर गदा येऊ शकते आणि पुढचा गुन्हा दुसरा मानला जाऊन कैदेची मर्यादा दोन वर्षांपर्यंत जाते. अपघात झाला असेल तर विम्याचाही प्रश्न असतो: इफ्को टोकियो या विमा कंपनीच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालाप्रमाणे चाचणी झालेली नसली तरी चालक दारूच्या अमलाखाली होता हे विमा कंपनी इतर पुराव्याने दाखवू शकते. म्हणून अशा प्रकरणात फौजदारी न्यायालयात कबुली देण्यापूर्वी विम्याची पॉलिसीही वकिलापुढे ठेवावी.