ड्रायरची नोंदवही: 'ऑटो'वर काटा का हलेना?

न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमधला कपडे वाळवायचा जुना ड्रायर गेले तीन आठवडे उघडून बसलोय. आत एकही चिप नाही, सगळा कारभार बायमेटलच्या थर्मोस्टॅटवर, म्हणजे दोन धातूंची पट्टी तापली की वाकून वीज तोडणाऱ्या स्विचवर. दुखणं असं: 'टाइम्ड'वर, म्हणजे ठरावीक मिनिटं चालवताना, टायमर सुरळीत सरकतो; 'ऑटो'वर, म्हणजे कपडे वाळले की आपोआप थांबायचं तेव्हा, मात्र टायमरचा काटा जागचा हलत नाही. ड्रम फिरतो, कपडे कोमट होतात, पण दोन तासांनीही यंत्र थांबत नाही.

पहिला शनिवार टायमरवरच्या संशयात गेला. प्लग काढून टायमरच्या मोटरचं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) मीटरने तपासलं, ते शाबूत निघालं. मग यंत्राच्या आत चिकटवलेला वायरिंगचा कागद उलगडला आणि त्यातली युक्ती कळली, तेव्हा अक्षरशः झोप उडाली.

'ऑटो'वर टायमरची मोटर, एका रेझिस्टरसकट, थर्मोस्टॅटच्या दोन टोकांना जोडलेली असते. थर्मोस्टॅट जुळलेला, म्हणजे हीटर चालू, तोवर मोटरची टोकं शॉर्ट असतात, म्हणजे थर्मोस्टॅटमधून थेट एकमेकांना जोडलेली. तिला व्होल्टेजच मिळत नाही. बाहेर पडणारी हवा तापून थर्मोस्टॅट उघडला की करंटला मोटरमधूनच वाट उरते आणि काटा सरकतो. तोच करंट हीटरमधूनही जातो, पण हीटर जेमतेम 10 ओहमचा आणि मोटरच्या बाजूला हजारो ओहम. हीटर तापण्याइतका करंट वाहतच नाही.

माझ्या थर्मोस्टॅटवर 'एल155-25' असा शिक्का आहे. 155 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 68 सेल्सिअसला तो उघडतो आणि 25 फॅरनहाइट उतरल्यावर, साधारण 54 सेल्सिअसला, पुन्हा जुळतो. कपडे ओले असताना बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. एका किलो पाण्याला सुमारे 2,400 किलोजूल, म्हणजे विजेच्या युनिटचा दोन-तृतीयांश हिस्सा. तोवर बाहेर पडणारी हवा 68 गाठत नाही आणि टायमर गप्प राहतो. पाणी सरत आलं की थर्मोस्टॅट वरचेवर उघडतो आणि काटा पुढे जातो. ओलावा मोजणारं काहीही नसताना ओलावा मोजला जातो! नव्या यंत्रांत ड्रममधल्या दोन धातूच्या पट्ट्यांना ओलं कापड टेकलं की वीज वाहते, त्यावरून अंदाज बांधतात. तेही चांगलंच, पण ही जुनी जोडणी मला जास्त सुंदर वाटते.

दुसऱ्या आठवड्यात हवा बाहेर पडते तिथे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावला. तापमान 50 सेल्सिअसच्या आसपास अडकलेलं. थर्मोस्टॅट उघडणार कसा, आणि काटा हलणार कसा? हीटरच्या वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावला, तर करंट मध्येच तुटत होता. म्हणजे हीटरच्या डब्यावरचा 250 फॅरनहाइटचा सुरक्षा थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा उघडत होता: डबा भाजतोय, पण ती उष्णता पुढे न्यायला हवाच नाही. यंत्र ओढलं, तर मागची फॉइलची लवचिक नळी भिंतीशी चेपलेली आणि आत लिंटचा, म्हणजे कपड्यांच्या सुटलेल्या तंतूंचा, मूठभर बोळा. मंडळी, तुमच्याकडे अशी नळी असेल तर आजच बघा. साचलेलं लिंट झटकन पेट घेतं.

काल 4 इंची ताठ पत्र्याचा पाइप बसवला. सांध्यांना स्क्रू नाहीत, फॉइल टेप लावली. स्क्रूच्या आतल्या टोकांना लिंट अडकतं. मग चाचणी. कोरडे टॉवेल 3.1 किलो, धुऊन पिळल्यावर 4.9. पहिली 19 मिनिटं काटा ढिम्म, मग टिकटिक सुरू. 41 व्या मिनिटाला यंत्र आपोआप थांबलं. वजन 3.1!

पुढच्या शनिवारी 'लो हीट', म्हणजे कमी तापमानावर वाळवणं. थर्मोस्टॅटच्या पोटातच एक चिमुकला हीटर आहे. तो बायमेटलला आतून ऊब देतो, त्यामुळे थर्मोस्टॅट 68 च्या आधीच उघडतो. किती आधी, ते मोजायचंय. आईच्या सुती साड्या त्यानंतरच आत जातील.