सात क्रोमिस आणले, एक उरला

घरच्या मरीन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सात ग्रीन क्रोमिस, थव्याने राहणारे छोटे हिरवे मासे, सोडले होते, आठ महिन्यांनी एक उरला. हे लिहायला मी बरेच दिवस टाळलं कारण वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं, पण मरीन टँक नवीन लावणारे खूप जण पहिला थवा म्हणून क्रोमिसच आणतात, दुकानातही तेच सांगतात, स्वस्त आहेत, काटक आहेत, सात-आठ सोडा मस्त दिसतील, म्हणून म्हटलं एकदा काय झालं ते नीट लिहून टाकूया.

हे वेड मला अगत्तीला लागलं. लक्षद्वीपला गेलो होतो तेव्हा लगूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून नुसतं तोंड बुडवलं तर समोर सांबरशिंगासारख्या फांद्यांचं कोरल आणि त्याच्यावर शंभरेक क्रोमिस तरंगतायत, रंग कोवळ्या कैरीसारखा हिरवा आणि जरा वळले की तेच निळे. माझी सावली पडली आणि सगळेच्या सगळे फांद्यांमध्ये गडप. मी हललो नाही तसा एक वर आला, मग दोन, मग बघता बघता सगळा घोळका परत जागेवर. पुण्यात आल्यावर मला तेच हॉलमध्ये पाहिजे होतं.

टँक ४ बाय २ बाय २ फुटांचा, पाणी साधारण ४०० लिटर, खारेपणा (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) १.०२५, टेम्परेचर २६. सायकल पूर्ण होऊन, म्हणजे घाणीतले विषारी पदार्थ पचवणारे जिवाणू टँकमध्ये तयार होऊन, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच मासे आणले. पहिले दोन-तीन आठवडे काय सुंदर दिसायचे! आईला सकाळचा चहा घेत मासे मोजायची सवयच लागली. आणि एक दिवस ती म्हणाली, "अरे, आज सहाच दिसतायत."

मला वाटलं दगडामागे असेल. रात्री लाइट बंद झाल्यावर टॉर्च घेऊन शोधला तर सगळ्यात छोटा रिटर्न पाइपच्या (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत आणणाऱ्या पाइपच्या) मागे, पाण्याच्या अगदी वरच्या कडेला अंग चोरून उभा होता, शेपटीची दोन्ही टोकं कुरतडलेली, एका बाजूचे दोन-तीन खवले गेलेले. सकाळी मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाणं) टाकलं तसा तो भुकेने बाहेर आला आणि तेवढ्यात सगळ्यात मोठा क्रोमिस खडकावरून सुसाट आला आणि त्याला परत पाइपमागे पिटाळून गेला. चावलाही नाही, नुसता अंगावर गेला. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हेच. चौथ्या दिवशी छोटा मेला आणि मग पाळी त्याच्यापेक्षा थोड्या मोठ्याची आली.

नंतर वाचून आणि बघून जे कळलं ते असं की क्रोमिस शेवटी डॅमसेल या भांडखोर माशांच्या खानदानातला आहे, घोळक्यात मोठा-छोटा अशी उतरंड असतेच. समुद्रात मात्र वर शिकारी मासे फिरत असतात, जो एकटा पडला तो गेला, त्या धाकाने सगळे एकमेकांना धरून राहतात, शिवाय दबलेल्याला पळायला जागा असते आणि मोठ्याचा राग शंभर जणांत वाटला जातो. माझ्या टँकमध्ये भीती कसलीच नव्हती आणि राग सहा जणांतच वाटायचा होता. त्यात प्रत्येकाला रात्री शिरायला स्वतःची फट लागते, ती त्या फांद्यांच्या कोरलमध्ये मिळते. आपल्याकडे असलं कडक कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत, आणि ते तिथे असायलाच हवं. पण मग खडक रचताना फटींचा विचार मी करायला हवा होता. मी दिसायला छान अशी एक कमान रचली आणि खाली दोनच गुहा, त्या दोन्ही मोठ्याने बळकावल्या.

चौथा मासा मात्र मारामारीने गेला नाही असं मला वाटतं. त्याच्या कुशीवर लाल चट्टा आला, खरचटल्यासारखा, आणि दोन दिवसांत संपला. क्रोमिसमध्ये युरोनेमा नावाचा परजीवी फार आढळतो, त्याची लक्षणं अशीच असतात, आणि तो माशाशिवायही टँकमध्ये जगतो त्यामुळे एकदा आत आला की आलाच. मी क्वारंटाइन केलं नव्हतं. आता काहीही आणलं तरी चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये, त्यात तडजोड नाही.

बरेच जण सांगतात की विषम आकडा ठेवा, पाच किंवा सात, मग भांडत नाहीत. मला ते अजिबात पटत नाही, माझे सातच होते. क्रोमिस ठेवायचेच असतील तर टँक खूप मोठा हवा, मासे छोटे आणि एकाच मापाचे, सगळे एकाच दिवशी सोडलेले, आणि खाणं दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, तेही पंपाच्या झोतात टाकायचं म्हणजे सगळीकडे पसरतं आणि दबलेल्याच्याही तोंडाशी जातं. एवढं करूनही आकडा टिकेल याची खात्री मी देणार नाही. धाक म्हणून एखादा मोठा मासा ठेवा असंही सुचवतात, पण घोळका दिसावा म्हणून त्यांना आयुष्यभर घाबरवत ठेवायचं हे माझ्या मनाला पटत नाही.

उरलेला एक, तोच मोठा, एकटा पडल्यावर फिका पडला आणि कोपऱ्यात उभा राहायला लागला. जानेवारीत मी पाच पजामा कार्डिनल आणले, पिवळं तोंड, लाल मोठे डोळे, मध्ये काळा पट्टा आणि मागे ठिपके. हे पळत नाहीत, एका जागी तरंगत राहतात, एकमेकांपासून वीतभर अंतर ठेवून. मूळ स्वभाव रात्रीचा, त्यामुळे मोठं खाणं मी संध्याकाळी लाइट मंद झाल्यावर देतो. आता मे चालू आहे आणि पाचही आहेत. बंगाई कार्डिनलचा मोह झाला होता, पण त्यांच्यात जोडी जमली की ती बाकीच्यांना हाकलते, आणि इंडोनेशियातल्या बंगाई बेटांवरचा हा मासा २००७ पासून धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, घ्यायचाच तर टँकमध्ये पैदास केलेलाच घ्यावा.

आणि तो क्रोमिस दुसऱ्या आठवड्यात कार्डिनलांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. रंग परत आलाय. परवापासून एक कार्डिनल काही खात नाहीये, मायसिस तोंडापुढून जातं तरी बघत नाही, हनुवटी फुगलीय. कार्डिनलमध्ये अंडी नर तोंडात सांभाळतो, तेच असावं. आईला अजून सांगितलं नाहीये, ती रोज पाच अधिक एक असं मोजते.