आमची वाटचाल : पांढरं राहिलं पाहिजे

सिंगापुरात चिनी नववर्षाला अननसाचे टार्ट सगळेच करतात. आमचा धंदा उभा आहे तो कुए बांगकिटवर, म्हणजे नारळाच्या दुधातल्या पांढऱ्या बिस्किटांवर. टॅपिओकाचं पीठ (आपला साबुदाणा ज्याचा होतो, तेच), नारळाचं दूध, साखर, बलक. लोणी नाही, मैदा नाही.

पहिल्या भागीदार शेजारच्या पेरानाकान (इथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या, मलय वळणाच्या चिनी घरातल्या) आंटी. त्यांचं माप ‘आगाक-आगाक’, म्हणजे अंदाजपंचे, आमचं काट्यावर. अर्धा किलो पीठ भाजून साडेचारशे ग्रॅम उरावं, हा आकडा त्या भांडणातूनच निघाला. पानदानची (पांडन नावाच्या सुवासिक झाडाची) पानं घालून मंद आचेवर पाऊण तास. पानं हातात चुरली आणि पीठ कढईत पाण्यासारखं सळसळलं, की उतरवायचं. एवढ्याला साखर 130 ग्रॅम, दोन बलक, नारळाचं घट्ट दूध 160 मिलिलिटरच्या आसपास, शेवटचं चमच्याचमच्याने. मूठ दाबली की गोळा राहावा, बोट टोचलं की फुटावा.

साचे लाकडी, मासा आणि शेवंतीचे. धुवायचे नाहीत, कोरड्या टूथब्रशने झाडायचे. एक मासा चुकून नळाखाली गेला. लाकडाच्या रेघा उठल्या, आता शेपटी साच्यातच राहते.

2023 ला सण आला 22 जानेवारीला. नाताळच्या ऑर्डरी उरकतायत तोच हे. भाजलेलं पीठ रात्रभर ठेवायचं, ते आम्ही गरम असतानाच मळलं. ताजं भाजलेलं पीठ हपापल्यासारखं दूध पितं. गोळा जमेना म्हणून आणखी ओतलं. स्टार्च फुगून चिवट झाला आणि ओव्हनमधून निघाले ते खडे. 160 पैकी 90 डब्यांचे पैसे परत केले. त्याच आठवड्यात जवळच्या एका दुकानाने लोण्याची पिवळी बिस्किटं ‘पारंपरिक’ म्हणून डब्यामागे दोन डॉलर स्वस्त विकली. लोणी वितळलं की माशाचे खवले पसरतात. डोळे असणाऱ्याला दिसतं ते, पण दोन डॉलर आधी दिसतात.

तोआ पायोहच्या एका आजोबांनी मात्र डबा परत केला नाही. चहात बुडवून संपवले म्हणाले, आणि पुढच्या वर्षी आठ डबे सांगितले. 2024 चा सण 10 फेब्रुवारीला होता. पीठ दोन दिवस निवांत मुरलं.

घरी करणार असाल तर नारळ टेक्का मार्केटातून, काळी साल काढून किसलेला घ्या. साल राहिली की बिस्किट करडं होतं. पाणी न घालता पिळा, दूध साखरेबरोबर तापवून पूर्ण गार करा. 150 अंशांवर वीस मिनिटं. कडेला तांबूस दिसलं म्हणजे उशीर झाला. बिस्किटावरचा लाल ठिपका सगळं गार झाल्यावर, उदबत्तीच्या काडीच्या टोकाने. रंग पातळ असला तर पसरतो.