मिरगाचा खेळ

विजयदुर्गला आत्याकडे फेण्यांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. वर फेण्या आणि तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेल्या, दादाच्या, म्हणजे आत्याच्या मुलाच्या, फ्लॉप्या. समुद्राकाठी फ्लॉपीला बुरशी धरते. पत्र्याची छोटी झडप सरकवून पाहिलं की आतल्या काळ्या चकतीवर पांढरे ठिपके दिसायचे आणि तसली फ्लॉपी एकदा मशीनमध्ये गेली की घरघर करून इतर फ्लॉप्यांनाही घेऊन बुडायची. घरात हवाबंद म्हणावा असा एकच डबा होता आणि तो आत्याच्या ताब्यात. तिची अट एकच होती : "एकव फेणी मोडली तर बघ." त्यामुळे दादाचे सगळे खेळ हिंगाच्या वासाचे होते. आजही चांगला हिंग फोडणीत पडला की मला आधी संगणक आठवतो, मग वरण.

१९९७च्या मे महिन्यातली गोष्ट. मी पाचवीची परीक्षा देऊन कोल्हापूरहून एसटीने करूळ घाट उतरून आले होते. दादा मुंबईला डिप्लोमाला होता आणि लॅमिंग्टन रोडवरून जुना ४८६ संगणक जुळवून, गोधडीत गुंडाळून, रात्रीच्या गाडीने गावी घेऊन आला होता. माजघरात, कणगीशेजारी तो मांडला होता. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, म्हणून आम्ही भर दुपारी खेळायचो. बाहेर खळ्यात आमसुलं वाळत घातलेली, आत काळ्या पडद्यावर तारे.

तो खेळ कोणता, हे मला पुढे पंचवीसेक वर्षं सांगता आलं नाही.

आठवत होतं ते असं. काळा नकाशा, त्यावर तारे. ताऱ्यावर टिचकी मारली की बाजूला पाच पट्ट्या : जहाजं, संरक्षण, कारखाने, स्वच्छता, संशोधन. एक पट्टी पुढे ओढली की बाकीच्या आपोआप मागे सरकायच्या. मला या पट्ट्या फार आवडायच्या, कारण आत्याचा महिना मी तसाच चालताना पाहत होते. काकांची मनीऑर्डर आली की ती नोटा खाटेवर मांडून वाटे करायची : वाण्याचे, विजेचे, दादाच्या खोलीचे, भिशीचे. एकात दहा वाढवले की दुसऱ्यातून दहा जायचे, आणि शेवटी सगळ्यांत बारीक वाटा उरायचा तो तिच्या चपलांचा. खेळात स्वच्छतेची पट्टी फार मागे गेली तर ग्रहावर घाण साचून माणसं कमी व्हायची. दादा लढाऊ जहाजांच्या नादात तिच्याकडे बघायचाच नाही. मी त्याला दर दहा मिनिटांनी आठवण करायचे, आणि घरच्या न्हाणीच्या बाबतीत आत्याही तेच करायची.

शिवाय एक यंत्रमानव मधूनमधून आकाशगंगेच्या बातम्या द्यायचा. वस्ती वाढली की सगळ्या जातींची सभा भरायची आणि दोन-तृतीयांश मतं मिळतील तो सम्राट. आमच्या ग्रामपंचायतीत सरपंचाची निवड याहून जास्त चुरशीने व्हायची, पण कल्पना तीच. आणि एकदा बंदरातून सुटलेलं जहाज वाटेत परत बोलावता यायचं नाही. पुढे संशोधनाने ती सोय मिळायची, तोवर नाही. दूरच्या ताऱ्यावर शत्रूचं आरमार बसलंय हे कळूनही आपली जहाजं ठिपक्याठिपक्याने तिकडेच सरकताना नुसतं बघत राहायचं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शेजारच्या घरातली बाई वारा फिरला की वाघोटन खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. होडीवाल्याला कळवणार कसं? तेव्हा होडीत कुठला आलाय फोन.

हेही पक्कं आठवत होतं की आमचा मुख्य ग्रह 'घेरिया' होता. आणि ग्रहावर रंगीत चौकोन असायचे : लालवर कारखाना, हिरव्यावर वस्ती, निळ्यावर प्रयोगशाळा. ताऱ्यांना जोडणाऱ्या निळ्या-लाल रेघा होत्या, लाल रेघेवरून जहाज रखडत जायचं. नाव मात्र साफ पुसलेलं. घरात त्याला सगळे 'मिरगाचा खेळ' म्हणायचे, एवढंच. त्याचं कारण मी माझं मीच ठरवून टाकलं होतं. मिरगाच्या दिवशी कोंबडीवडे व्हायचे, दुसऱ्या दिवशी मला परतीच्या एसटीत बसवायचे आणि फ्लॉप्या डब्यात जायच्या. मृग लागेपर्यंत खेळायचा म्हणून मिरगाचा खेळ. यात शंका घेण्यासारखं काय आहे?

एवढ्या शिदोरीवर मी तो शोधत राहिले. संगणकाशी संबंध असलेला कुणी भेटला की विचारायचे : ज्यात घेरिया नावाचा ग्रह आहे असा खेळ माहीत आहे का? माहीत आहे म्हणणारे बरेच भेटले, प्रत्येकाचा खेळ वेगळा निघायचा. त्यातून माझं शिक्षण मात्र झालं. या जातीच्या खेळांना 'फोर एक्स' म्हणतात, हे नाव १९९३ साली अ‍ॅलन एमरिच या लेखकाने एका लेखात वापरलं. शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा, अशी ती चार कामं. (चौथं सोडलं तर ही आमच्या आंबा-व्यापाऱ्यांचीही कार्यपद्धती आहे.) एका खेळात ग्रहांना गुराख्यांच्या टोप्या घातलेल्या असतात, तो १९९०चा 'स्पेसवर्ड हो'. दुसरा, 'स्टार्स', दिसायला थेट जमाखर्चाच्या तक्त्यासारखा. रंगीत चौकोन आणि लाल-निळ्या रेघा नेमक्या सापडल्या त्या १९९५च्या 'असेंडन्सी'मध्ये. मी आनंदाने उडालेच. पण त्यात पट्ट्या नव्हत्या, बातम्या देणारा यंत्रमानव नव्हता. शिवाय तो सीडीवरचा खेळ, आणि दादाच्या मशीनला सीडीची खाच नव्हतीच. म्हणजे वर सापडला आणि मांडव दुसऱ्याच लग्नाचा.

परवाच्या चतुर्थीला गावी गेले होते. गणपतीवरची माटवी बांधणं चाललं होतं. दादा स्टुलावर उभा राहून कवंडाळ, सुपारी, आंब्याचे टाळे सुतळीने अडकवत होता आणि मी खालून एकेक देत होते. पडवीत त्याची मुलगी, माझी भाची, स्पर्धापरीक्षेचं पुस्तक घेऊन डोलत होती. "लोकमान्य टिळकांचे ग्रंथ : ओरायन, १८९३. आर्क्टिक होम इन द वेदाज, १९०३. गीतारहस्य, १९१५." तिने मान वर केली. "आत्या, ओरायन म्हणजे काय गं?"

मी सांगितलं, ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. वेदांच्या काळी वसंतसंपात मृगात होता, त्यावरून टिळकांनी वेदांचं वय काढलं. टिळक आपले रत्नागिरीचे, वगैरे. हे सगळं बोलून झालं आणि हातातलं कवंडाळ हातातच राहिलं.

"दादा, त्या खेळाचं नाव काय रे? फेणीच्या डब्यातल्या?"

"मास्टर ऑफ ओरायन," तो वरूनच म्हणाला, जणू मी त्याला किती वाजले असं विचारलं होतं. "आवशीक नाव सांगूक जमा नाय, म्हणान मीया सांगललंय, ओरायन म्हणजे मिरग. तेतूरसून मिरगाचो खेळ."

पंचवीस वर्षं. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण आपल्याला आपली आठवण इतकी पक्की वाटत असते की ज्याची फ्लॉपी त्याला विचारावं हे सुचत नाही. मी घेरियाचं विचारलं. दादा स्टुलावरून उतरून हसायला लागला. विजयदुर्गाचं जुनं नाव घेरिया हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण खेळ सुरू करताना आपल्या मूळ ग्रहाला आपणच नाव देता येतं, हे मी पूर्ण विसरले होते. "तां नाव मीयाच घातललंय. आणि तू जगभर इचारीत फिरलंस?" फिरले. एका बिचाऱ्याने तर 'घेरिया' रशियन असेल म्हणून मला बरीच मदत केली होती.

मग चौकोन? दादाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ते बहुधा अकरावीत कोल्हापूरच्या मैत्रिणीकडे पाहिलेलं असणार. तिच्या घरी सीडीही होती आणि एसीही. मी तो खेळ तिथून उचलून आत्याच्या माजघरात आणून ठेवला होता आणि त्याला हिंगाचा वाससुद्धा लावला होता.

तसा आमच्या गावाला या प्रकाराचा सराव आहे. किल्ल्यावर 'साहेबांचे ओटे' आहेत. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने तिथे दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. दर वर्षी त्या दिवशी किल्ल्यावर कार्यक्रमही होतो. नोंदींत मात्र त्या दिवशी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली, हेलियमची खूण ठरलेली पिवळी रेघ पाहिली ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये. हे मी एकदा आत्याला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मगे ओटे कोणाचे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दादाला मात्र एक गोष्ट माझ्याहून चांगली आठवत होती. ऐन रंगात आलं की तो खेळ थांबायचा, एका जहाजाचं चित्र दाखवायचा आणि विचारायचा, याचं नाव सांग. उत्तर खेळासोबतच्या पुस्तिकेत. आमच्याकडे पुस्तिका कुठली, आमचा माल कुणाच्या तरी कुणाकडून उतरवून घेतलेला. चुकलं की खेळ आटोपला. दादाने मुंबईच्या मित्रांना पत्रं लिहून एकेका जहाजाचं नाव मिळवलं होतं आणि माझ्या वहीच्या मागच्या पानांवर ती जहाजं पेन्सिलीने काढून खाली नावं लिहिली होती. ती माझी भूगोलाची वही. बाईंनी तपासताना सगळ्या जहाजांवर लाल रेघ मारली होती.

आरतीला अवकाश होता. भाचीने तिच्या लॅपटॉपवर तो जुना खेळ पाच मिनिटांत आणून दिला. आमच्या काळात नुसत्या फ्लॉप्या पुसायला याहून जास्त वेळ लागायचा. काळा पडदा आला, तारे आले. दादाने मानव जात निवडली, तेव्हाही तो तीच निवडायचा. मग मूळ ग्रहाचं नाव विचारणारी चौकट उघडली. त्याने बोटं फुंकून घेतली आणि टाइप करायला लागला. जी, एच, ई, आर...

"पुढे आय," मी म्हटलं.

"वाय."

"आय होतं. मला पक्कं आठवतंय."

त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. आतून आत्याने हाक दिली, निरांजनं लावून झाली, टाळ कुठे ठेवलेत म्हणून.