कुंपणालगतचं पांढरं हायड्रेंजिया

न्यू जर्सीतल्या या घराबरोबर एक अनोळखी झुडूपही मिळालं. जूनच्या शेवटी त्यावर नारळाएवढे पांढरे गेंद आले आणि मी हायड्रेंजियाची ही कुठली जात ते शोधायला बसले. पानं ओकसारखी कातरलेली नाहीत, म्हणजे क्वेर्सिफोलिया नाही. पॅनिक्युलाटाचे तुरे निमुळते, पानंही बऱ्याचदा एका पेरावर तीन-तीन. इथे दोनच, पातळ, हृदयाच्या आकाराची. कळ्या पोपटी, फुलं शुभ्र. पाऊस पडला की गेंद ओथंबून पार जमिनीला टेकतात. म्हणजे आर्बोरेसेन्सच, बहुधा त्यातली 'ॲनाबेल'! मूळची इलिनॉयमधल्या ॲना गावाजवळची. नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे मार्चमध्ये निर्धास्त छाटता येईल.

आईला फोटो पाठवला. "अगं, गणपतीपर्यंत टिकतील का?"

टिकतात गं आई, फक्त हिरवट होतात.