पत्रिकेपासून मशीनच्या पुस्तकापर्यंत : आमची वाटचाल

सोलापूरच्या नवी पेठेत दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही नवरा-बायकोनं डीटीपी सुरू केलं, तेव्हा दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि पानं लावायचं पेजमेकर सॉफ्टवेअर एवढंच भांडवल होतं. लग्नपत्रिका, गड्ड्याच्या यात्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. घर चाललं.

मशीनचं पहिलं पुस्तक, म्हणजे मशीन वापरायचं मॅन्युअल, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदारांनी दिलं. मागासाठी ताणा गुंडाळणारं वार्पिंग मशीन, त्याची तीन मॉडेलं. आम्ही एक फाइल केली आणि कॉपी करून तिच्या तीन केल्या. पुढं व्ही-बेल्ट बदलला, बी-52 चा बी-54 झाला. तिन्ही फायलींत शोधून शोधून आकडा बदलला; तिसऱ्या फाइलमधला देखभालीचा तक्ता तेवढा राहिला. गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकनं तो तक्ता बघून पट्टा मागवला. दोन इंच आखूड. मशीन दोन दिवस बंद. शेठ रागावले नाहीत. त्या आकड्याभोवती लाल पेनानं गोल करून पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. चूक माझी होती. त्या रात्री झोप लागली नाही.

मग शिकायला बसलो. सुरुवात 'स्टाईल'पासून. तोवर आम्ही प्रत्येक मथळा हातानं ठळक करायचो. स्टाईल म्हणजे मजकुराला फक्त नाव द्यायचं, 'मथळा', 'कृती', 'इशारा'. ते दिसणार कसं हे वेगळ्या जागी ठरतं. मला हे सासऱ्यांच्या मागावरून कळलं. ते जॅकार्डवर चादरी विणायचे. पुठ्ठ्यांची माळ तीच, बाण्याचे रंग बदलले की चादर वेगळी. नक्षी एकीकडे, रंग दुसरीकडे. एक्सएमएल, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावायची पद्धत, तीही तेच करते, मजकूर आणि रूप वेगळं ठेवते.

त्यातूनच डिटापर्यंत पोचलो, म्हणजे एक्सएमएलमध्ये अशी पुस्तकं लिहायच्या पद्धतीपर्यंत. मूळ आयबीएमचं काम. 2005 मध्ये ते ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं. त्यात पुस्तक सलग लिहीत नाहीत, 'टॉपिक' लिहितात. एका टॉपिकात एकच गोष्ट: समजावणारा मजकूर, नाहीतर करायची कृती, नाहीतर आकड्यांचा तक्ता. टॉपिक कोणत्या क्रमानं लावायचे ते 'मॅप' सांगतो. फक्त एका मॉडेलला लागू असलेल्या ओळीवर 'कंडिशन' लावली की बाकी पुस्तकांत ती येत नाही. पट्ट्याचा नंबर एका जागी ठेवतो, बाकी सगळीकडे तो तिथूनच ओढला जातो. हे कळलं त्या दिवशी मला तो लाल गोल आठवला.

जुन्या मराठी फायलींनी मात्र रडवलं. त्या जुन्या फॉन्टच्या कोडमधल्या. युनिकोडमध्ये आणताना रफार उडायचे, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसायची. चारशे पानं डोळ्यांनी तपासली.

सगळ्यात जास्त वेळ शब्दांनी घेतला, आणि तो वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही. अमेरिकेच्या झेड 535 मानकात इशाऱ्याचे चार शब्द आहेत. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग म्हणजे होऊ शकते. कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा. नोटीस म्हणजे माणसाला नाही, मालमत्तेला नुकसान. मराठीत आपण सगळ्यालाच 'सावधान' म्हणून मोकळे होतो. आम्ही धोका, इशारा, सावधान, सूचना असे चार शब्द पक्के केले आणि शब्दसंचात टाकले. आता आमच्याकडे कुणी 'इशारा'च्या जागी 'धोका' लिहीत नाही.

इथले बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात, कारखान्यात मराठी. 'स्नेहन करावे' लिहिलं तर पुस्तक बंद होतं. म्हणून छापण्याआधी आम्ही मजकूर मशीनजवळ उभं राहून वाचून दाखवतो. एका फोरमननी मला थांबवून विचारलं, "ताई, 'आवश्यकतेनुसार घट्ट करा' म्हणजे किती?" तेव्हापासून आमच्या कृतीत 'आवश्यकतेनुसार' येत नाही. किती फेरे आणि कोणता पाना, ते लिहितो.

आज आम्ही सहा जण आहोत, गाळाही मोठा आहे. पत्रिका बंद केल्या; पतसंस्थांचे अहवाल अजून करतो, जुनी माणसं आहेत. सध्या त्याच शेठच्या पाचव्या मॉडेलचं पुस्तक चालू आहे. पट्ट्याचा नंबर आता एकाच जागी आहे. तरी पीडीएफ छपाईला जाण्याआधी देखभालीचा तक्ता मी बोट ठेवून स्वतः वाचते.